केरवोखची पाटी

परदेशी निघालेल्या आपल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "दोनच वर्षं तर राहायचंय." कंपनीने प्रोजेक्टवर पाठवलेलं असतं, नाहीतर मास्टर्सला प्रवेश मिळालेला असतो, नाहीतर नवऱ्याबरोबर जायचं असतं. या एका वाक्याच्या आधारावर माणूस पुढे बरंच काही टाळत जातो. भाषा कशाला शिकायची, शेजाऱ्यांशी ओळख कशाला वाढवायची, घराच्या करारातली बारीक अक्षरं कशाला वाचायची, दोनच वर्षं तर राहायचंय. मीही हेच म्हणत जर्मनीतल्या स्टुटगार्टला गेले होते. तिथे दोन वर्षं चार महिने राहिले, आणि ते वाक्य किती चुकीचं आहे हे मला तिथल्या एका जिन्यावर कळलं.

आमचं घर हेस्लाख भागात होतं. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, लाकडी जिना, प्रत्येक मजल्यावर दोन बिऱ्हाडं. तिकडे फ्लॅटला नंबर नसतो. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव असतं आणि तोच तुमचा पत्ता. आडनावाची चिठ्ठी चिकटवली नाही तर पत्रसुद्धा येत नाही. आम्ही चिठ्ठी चिकटवली, दोन आठवड्यांच्या आत सरकारदरबारी राहण्याची नोंद केली, मुलाला किंडरगार्टनच्या यादीत घातलं, आणि आता सगळं रीतसर झालं असं समजलो.

तिसऱ्या आठवड्यात दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली एक लहानशी लाकडी पाटी दिसली. तिच्यावर एकच शब्द होता, केरवोख. आम्हाला वाटलं कुठल्यातरी सफाईवाल्यांची जाहिरात आहे. काढून चपलांच्या कपाटावर ठेवून दिली. शनिवार गेला, रविवार गेला. पुढच्या आठवड्यात संध्याकाळी मुलाला घेऊन वर चढत होते, तर खालच्या मजल्यावरच्या आजी आमच्या मजल्याच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून बसलेल्या. वय सत्तरीच्या पुढचं. शेजारी बादली, हातात पिळलेलं फडकं. त्या आमच्या वाटणीचा जिना पुसत होत्या. मला बघून त्यांनी फक्त बादली बाजूला सरकवली, मला जायला वाट करून दिली, आणि "ग्र्युस गॉट", म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणाल्या. रागाचा एक शब्द नाही. मी घरात आले आणि दार लावून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. आपल्या आईच्या वयाची बाई आपल्या दारासमोरची घाण पुसते आहे आणि आपल्याला ती का पुसते आहे हेसुद्धा माहीत नाही, याची लाज आजही गेलेली नाही.

केरवोख म्हणजे झाडण्याचा आठवडा. 'केर' या उच्चाराचा आपल्या केराशी संबंध नाही, तिकडे त्या धातूचा अर्थ झाडणं असा आहे, पण मराठी कानाला हा शब्द एकदा ऐकला की विसरता येत नाही. श्वाबियातली, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या मुलखातली ही रीत. लहान केरवोखमध्ये आपल्या मजल्याचा जिना, कठडा आणि खिडकीची कड असते. मोठ्या केरवोखमध्ये तळघर, अंगण, कचऱ्याच्या डब्यांची जागा, इमारतीसमोरचा पदपथ आणि हिवाळ्यात पदपथावरचा बर्फ. आठवडा संपला की पाटी पुढच्या बिऱ्हाडाच्या दाराला अडकवायची. या चालीची मुळं १४९२ सालापर्यंत सांगतात. त्या वर्षी काउंट एबरहार्डने स्टुटगार्टकरांना आपापल्या घरचं शेण-उकिरडा दर आठवड्याला शहराबाहेर नेऊन टाकायला सांगितलं होतं. नगरपालिकेचा पदपथ झाडण्याचा नियम १९८८ मध्ये महापौर मानफ्रेड रोमेल यांच्या काळात रद्द झाला, पण घरभाड्याच्या करारांतून आणि लोकांच्या मनातून ती रीत गेली नाही. आमच्या करारातही ती होती. सहाव्या पानावर. आम्ही भाड्याचा आकडा आणि डिपॉझिट तेवढं वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन आजींच्या दारात गेले. मोडक्या जर्मनमध्ये आणि हातवाऱ्यांनी माफी मागितली. त्यांनी मला तिथल्या तिथे शिकवलं. वरून खाली यायचं. आधी झाडायचं, मग पुसायचं. कठड्याच्या खालच्या बाजूने बोटं लागतात, तिथेही फडकं फिरवायचं. दिव्याच्या बटणाभोवती डाग पडतात, ते विसरायचं नाही. पाणी मध्ये एकदा बदलायचं. पुढच्या वेळी आमची पाळी आली तेव्हा मी सगळं तसंच केलं. त्या खाली उतरल्या, जिन्याकडे पाहिलं आणि पुढे गेल्या, काही बोलल्या नाहीत. मी हिरमुसले. नंतर भाषेच्या वर्गातल्या बाईंनी श्वाबियन लोकांची म्हण सांगितली, "नेट गशिम्फ्ट इश ग्नुग ग्लोब्ट." रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं.

हे सगळं इतकं सांगते आहे कारण 'परदेशात स्थानिकांसारखं राहा' हा सल्ला हल्ली फार स्वस्त झाला आहे. पर्यटन कंपन्या आणि व्हिडिओ करणारी मंडळी तो रोज देतात. त्यांचं स्थानिक असणं म्हणजे हॉटेलऐवजी वस्तीतलं घर घ्यायचं, कोपऱ्यावरच्या बेकरीत ब्रेत्झेल खायचा, भाजीबाजारात फोटो काढायचा. स्थानिकांच्या आयुष्यातला जेवढा भाग रुचकर आहे तेवढा उचलायचा आणि झाडू तिथेच ठेवून यायचं. या हौसेची किंमत खऱ्या स्थानिकांनी किती मोजली हे बार्सेलोनात दिसलं. तिथे पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घरांमुळे गावकऱ्यांना घर मिळेना, आणि शेवटी २०२४ च्या जूनमध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की अशा १०,१०१ घरांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. स्थानिकांसारखं राहायला आलेल्यांनी स्थानिकांनाच वस्तीबाहेर ढकललं.

माझं म्हणणं साधं आहे. परक्या गावात वर्ष-दोन वर्षं राहणाऱ्याने तिथल्या लोकांची चव, पोशाख, सणवार उचलले नाहीत तरी काही बिघडत नाही. त्यांच्या वाटची कामं मात्र पहिल्या आठवड्यापासून उचलली पाहिजेत, आणि त्यासाठी लागेल तेवढी भाषा शिकली पाहिजे. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, शेजारधर्म. तो काही मुक्कामाची मुदत बघून लागू होत नाही.

यावर आपल्याच लोकांकडून येणारा पहिला आक्षेप मी तिथल्या कितीतरी घरांत ऐकला. आम्ही कर भरतो, काम चोख करतो, कुणाला त्रास देत नाही, आणखी काय हवं? करार वाचला तर उत्तर त्यातच असतं. घरात हवा खेळती ठेवणं ही तिकडे भाडेकरूची जबाबदारी असते. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, बाहेर बर्फ असला तरी. आपण थंडी म्हणून खिडक्या घट्ट लावून बसतो, घरातच कपडे वाळत घालतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि दोन महिन्यांत खोलीच्या कोपऱ्यात बुरशी चढते. मग घरमालक म्हणतो भारतीय भाडेकरू नकोत, आणि आपण म्हणतो हा वर्णद्वेष आहे. काही वेळा तो वर्णद्वेष असतोच, त्याबद्दल पुढे बोलते. पण काही वेळा ती न उघडलेली खिडकी असते. फोडणी सोडायला कुणी सांगत नाही. मी दोन वर्षं चार महिने रोज हिंग-मोहरीची फोडणी केली. फक्त तिथल्या बऱ्याच घरांत गॅसवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत घरातच सोडतो, हे समजून घेतलं आणि फोडणीआधी खिडकी उघडायची सवय लावली.

कचऱ्याचंही तसंच. कागद, सेंद्रिय, पिशव्या-डबे आणि उरलेलं, असे वेगवेगळे डबे. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा वेगळ्या टाकीत, आणि रविवारी नाहीच, कारण बाटली फुटल्याचा आवाज वस्तीला त्रास देतो. पेयाच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत, बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पैसे परत. रात्री दहानंतर शांतता आणि रविवारी दिवसभर. हे नियम आठवड्याभरात अंगवळणी पडतात. ते शिकायला कुठलं संस्कृतीचं ओझं घ्यावं लागत नाही. गणपती आम्ही दरवर्षी बसवला, आरती दणक्यात केली, साडेनऊला थांबलो, आणि विसर्जन घरी बादलीत केलं. पहिल्या वर्षी आजींना आरतीला बोलावलं. त्या आल्या, शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि उकडीच्या मोदकाला हात कसा घालायचा हे विचारून दोन मोदक खाल्ले.

भाषेचं मात्र आठवड्याभरात होत नाही, आणि म्हणूनच तिथे आपली माणसं सगळ्यात जास्त पळवाटा शोधतात. ऑफिसात इंग्रजी चालतं, मित्रमंडळी मराठी, किराणा ऑनलाइन, सिनेमा मोबाइलवर. चार-चार वर्षं राहून 'बिटे' आणि 'डांके'च्या पुढे न गेलेले हुशार इंजिनिअर मी पाहिले आहेत. त्यांचं फार अडत नाही. अडतं ते त्यांच्या बायकांचं. नवरा इंग्रजी बोलणाऱ्या ऑफिसात जातो आणि बायको जर्मन बोलणाऱ्या गावात उरते. मुलाला ताप आला की डॉक्टरच्या स्वागतकक्षात फोनवर काय बोलायचं, किंडरगार्टनमधून आलेल्या चिठ्ठीत उद्या रबरी बूट पाठवा असं लिहिलंय की पैसे पाठवा असं लिहिलंय, हे तिला कळायला हवं असतं. मी स्वतः पहिले पाच महिने रोज नवऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसायचे, चिठ्ठ्यांचे फोटो पाठवायला. मग रोटेब्युलप्लाट्झच्या लोकविद्यापीठात, तिकडे त्याला फोल्क्सहोखशूले म्हणतात, संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात सीरियातून आलेला एक बेकरीवाला, युक्रेनच्या दोन बहिणी आणि आपल्याच मुलीकडे राहायला आलेली एक इटालियन आजी होती. व्याकरण सगळ्यांचंच कच्चं होतं. पण ज्या दिवशी मी दवाखान्यात फोन करून एकटीने मुलाची वेळ ठरवली, त्या दिवशी त्या गावात मी पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहिले. भाषेचा आग्रह हा परक्यांवरचा जाच आहे असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय, की भाषा न शिकण्याची शिक्षा घरातल्या सगळ्यात एकट्या माणसाला भोगावी लागते.

'दोनच वर्षं' या समजुतीने किती नुकसान होतं, हे त्या देशाने स्वतः भोगलेलं आहे. युद्धानंतर कारखान्यांना माणसं हवी होती. १९५५ मध्ये इटलीशी करार झाला, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी. तुर्की कामगारांच्या करारात तर मुक्कामाची मुदतच सुरुवातीला दोन वर्षांची होती. त्यांना नाव दिलं 'गास्टआर्बायटर', पाहुणे कामगार. पाहुणा जाणारच, म्हणून कारखान्याजवळच्या वसतिगृहात त्यांची सोय केली आणि भाषा शिकवायची तसदी घेतली नाही. कामगारांनाही वाटलं, पैसे साठवायचे आणि गावी जाऊन घर बांधायचं. कारखानदारांना दर दोन वर्षांनी नवी माणसं शिकवणं परवडेना, १९६४ मध्ये मुदत गेली, १९७३ मध्ये नवी भरती थांबली, आणि राहिलेल्यांनी बायकामुलं बोलावून घेतली. सरकारी भाषा-वर्ग देशभर नीट सुरू झाले ते २००५ च्या कायद्यानंतर, पहिल्या करारानंतर ५० वर्षांनी. मधल्या काळात दोन पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहून एकमेकांना अनोळखी राहिल्या. दोष दोन्हीकडे होता, पण ज्याच्या हातात सत्ता होती त्याचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुण्याला शेजारी करून घ्यायचं काम यजमानाचंही असतं. आजींनी माझ्यासमोर बादली धरली नसती तर मी करार सहाव्या पानापर्यंत कधी वाचला असता, सांगता येत नाही.

आता वर्णद्वेषाबद्दल. काहीही केलं तरी ते आपल्याला आपलं म्हणणार नाहीत, मग कशाला झाडायचा त्यांचा जिना, असं मला एका मैत्रिणीने विचारलं होतं. तिच्या प्रश्नात राग होता आणि तो खरा होता. परकं आडनाव पाहून घर नाकारलं जातं, हे आम्हीही अनुभवलं. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत स्थलांतरितांच्या विरोधात उभ्या असलेल्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, तो दुसऱ्या क्रमांकावर आला. जिना पुसल्याने यातलं काही थांबणार नाही, आणि थांबेल अशा आशेने पुसायचाही नाही. चांगलं वागून दाखवा मग माणूस म्हणून मोजू, ही अट कुणी घालत असेल तर ती मला मान्य नाही. मी जिना पुसला कारण त्या जिन्यावरून माझा मुलगा चिखलाचे बूट घेऊन रोज चार वेळा वर-खाली करत होता.

हा प्रश्न आता मूठभर आयटीवाल्यांचा राहिलेला नाही. जर्मनीने २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीचे वार्षिक व्हिसा २०,००० वरून ९०,००० पर्यंत वाढवायचं ठरवलं. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १०,००० तरुणांना परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशा कामांसाठी तिकडे पाठवायचं ठरलं. सांगली-लातूर-अकोल्याची मुलं-मुली जाणार. त्यांना भाषा शिकवायची योजना आहे, ते योग्यच आहे. पण परीक्षेपुरती भाषा आणि शेजाऱ्याशी बोलायची भाषा यांत अंतर असतं, त्यातून श्वाबियन बोली तर पुस्तकात नसतेच. माझी मागणी अशी, की जाण्याआधीच्या प्रशिक्षणात भाड्याचा करार कसा वाचायचा, केरवोख काय असते, खिडकी का उघडायची, कामगार म्हणून आपले हक्क कुणाकडे मागायचे, हे तिथे राहून आलेल्या माणसांकडून शिकवलं जावं. कर्तव्यं आणि हक्क एकाच तासाला. ज्या मुलाला दोन्ही माहीत असतात त्याला कुणी सहज नाडू शकत नाही.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि भाषेवरून तापण्यात सध्या आपण त्यांच्या पुढे आहोत. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासननिर्णय २०२५ च्या जूनमध्ये लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावे लागले, आणि मला त्याचा आनंद झाला. इथे राहणाऱ्याने मराठी शिकावी, ही मागणी मला शंभर टक्के पटते. पण माझ्या ओळखीतली जी मंडळी पुण्यात येणाऱ्यांनी सहा महिन्यांत मराठी बोललं पाहिजे असं ठासून सांगतात, त्यांतल्याच कितीतरी जणांची मुलं बर्लिन-म्युनिकला वर्षानुवर्षं इंग्रजीवर भागवतात, आणि ते कौतुकाने सांगतात की तिकडे काही अडत नाही. दोन मापं ठेवली की आपली मागणी पोकळ होते. मराठीसाठी मागताना आपला आवाज खणखणीत यायचा असेल, तर परक्या गावात आपण आधी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोललेले असलो पाहिजे. आणि रिक्षावाल्याच्या कानाखाली वाजवून कुणी मराठीवर प्रेम करायला लागत नाही, हेही इथेच सांगते.

परत आल्यावर आम्ही कोथरूडला आमच्या जुन्या सोसायटीत राहायला लागलो. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर रांचीचं एक तरुण जोडपं भाड्याने आलं. महिन्याभरात कमिटीच्या बैठकीत तक्रार आली, ओला-सुका कचरा एकत्र टाकतात, दाराबाहेर चपलांचा ढीग असतो, पाण्याची वेळ पाळत नाहीत. सूचनाफलकावर मराठीत नोटीस लागली, नंतर दंडाचा ठराव झाला. त्या जोडप्याला मराठी वाचता येत नव्हतं आणि कुणी त्यांच्या दारात गेलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी दोन डबे घेऊन गेले, एक हिरवा, एक निळा. मुलीने दार उघडलं. तिला वाटलं मी भांडायला आले आहे, तिने आधीच "सॉरी आंटी" म्हटलं. मी तिच्या ओट्याशी उभी राहून भाज्यांची सालं कुठे, दुधाची पिशवी धुऊन कुठे, हे एकेक करून दाखवलं. प्रत्येक वस्तूचं नाव मराठीत सांगितलं आणि तिच्याकडून म्हणून घेतलं. साल, देठ, पिशवी, झाकण. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंशी तिची ओळख करून दिली. दंडाचा ठराव रद्द करा असं मी कमिटीला लेखी दिलं आहे. त्यावर अजून चर्चा चालू आहे, दोन जण माझ्या बाजूने आहेत, तिघे विरुद्ध. मुलगी आता ताईंना रोज "ओला इकडे, सुका तिकडे" असं स्वतःहून म्हणून डबे देते.